भैरोबाची वाटी

आमच्या कुलदैवताला वर्षातून एकदा दारू लागत असे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. ज्यांना नाकाला पदर लावायचा असेल त्यांनी आत्ताच लावून घ्यावा. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नव्हती, आणि या वयात नव्यानं लाजायला शिकावं असा उत्साह उरलेला नाही. कार्तिक वद्य अष्टमीला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भैरोबाचा नैवेद्य असे. वडे, वालाचं बिरडं, मटणाचं सुकं, नारळाच्या दुधातली तांदळाची खीर, आणि ताटाच्या उजव्या हाताला अंगठ्याच्या पेराएवढी चांदीची वाटी. वाटीत चमचाभर ब्रँडी. पूजा झाली की आत्या ती वाटी एकेकासमोर धरी, आणि आम्ही थोरापासून पोरापर्यंत सगळे अनामिकेचं टोक तीत बुडवून जिभेला लावत असू. चटका बसे, डोळ्यांत पाणी येई, आणि वर्षभर मोठी माणसं ज्या गोष्टीचं नावसुद्धा घेत नाहीत ती आपण खुशाल देवासमोर चाखली, याची एक मजा वाटे. उरलेली वाटी आत्या परसातल्या चाफ्याच्या मुळाशी ओतून येई. अख्ख्या बडोद्यात आमच्या चाफ्याइतका फुलणारा चाफा नाही, असं दादा म्हणत.

दादा म्हणजे माझे वडील, व्यवसायानं वकील. आत्या त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच ती विधवा होऊन माहेरी परतली, ती कायमची. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते. त्यांनी जाताना घर दादांच्या नावावर केलं, आजीचे दागिने आईच्या अंगावर घातले, आणि देवघर आत्याच्या हाती सोपवलं. "वाटी चुकवू नकोस," एवढंच ते तिला म्हणाले होते म्हणे. हिशेबानं पाहिलं तर तिला काहीच मिळालं नव्हतं. पण आत्यानं ते देवघर असं सांभाळलं, की आईसुद्धा आत जाताना उंबऱ्याशी थांबून "वन्सं, येऊ का?" असं विचारी. त्या घरात तिच्या हक्काचं काही असेल तर ती वाटी, हे आम्हा पोरींनाही न सांगता कळत होतं.

ब्रँडीची बाटलीही आजोबांचीच, संस्थानी काळात आणलेली. देवघराच्या भिंतीतल्या कपाटात, उदबत्त्यांच्या पुड्यांमागे ती उभी असे. पुढे दारूबंदी आली, मग गुजरात वेगळं झालं, आणि दारूबंदी काही गेली नाही. आमची बाटली मात्र चमचा-चमचा करत टिकून होती. कायद्यानं पाहिलं तर ती घरात असणं हाच गुन्हा होता. पण देवघरातल्या कपाटात काय आहे ते वकिलाला ठाऊक नसतं, असं धोरण दादांनी ठेवलं होतं. अष्टमीला ते कोर्टाचा काळा कोट अंगात असतानाच दारात उभे राहत, बोट लावत, आणि काय लावलं ते न विचारता कामावर जात.

घरात आम्ही बोलायचो मराठी, पण बडोद्याची. आई दुधवाल्याशी गुजराथीत भांडायची आणि तीच वाक्यं अर्धी तशीच आमच्यावर यायची. "कुमुद, बारी बंध कर ने, धूळ येते" हे, बारी म्हणजे खिडकी, मला शुद्ध मराठी वाटत असे. पुढच्या सोप्यात पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्याच्या करकरीवरून कोण बसलंय ते ओळखता येई. आईची करकर घाईची, आत्याची संथ, आणि दादा बसले की तो बिचारा गप्पच होई, कारण दादा झोका न घेता नुसते कागद वाचत बसायचे. थंडीच्या दिवसांत सकाळी हातगाडीवाला "लीलवा, ताजा लीलवा" अशी आरोळी देत जाई, आणि मग दुपारी सगळ्या बायका तुरीचे हिरवे दाणे सोलत झोपाळ्याभोवती बसत. आज बडोद्याच्याच वासणा भागातल्या या फ्लॅटमध्ये दाणे सोललेले, पिशवीत बंद होऊन येतात. चवीत फरक नाही असं सून म्हणते. असेल. पण सोलताना जे ऐकायला मिळे ते पिशवीत कुठून येणार?

एका दिवाळीनंतर दादांना सरकारी वकील नेमलं. पेढे वाटले गेले, दारात नवी पाटी लागली. आणि त्याच आठवड्यात दादा जेवत असताना आत्या देवघरातून बाहेर आली. तिच्या हातात ती बाटली होती.

"बंडू, भैरोबाची बाटली संपली," ती म्हणाली.

दादांचा घास हातातच राहिला. ती बाटली अशी उघड्यावर, दिवसाढवळ्या, ताटासमोर आलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. "अक्का, आधी ती आत ठेव," दादा म्हणाले.

"आत ठेवून भरणार आहे का ती? अष्टमी तोंडावर आलीय."

बडोद्यात मिळत नव्हती असं मुळीच नाही. आमचा दूधवालाच आईला म्हणाला होता, "बेन, तुम्ही फक्त हा म्हणा, दुधाच्या बरणीतून घरपोच येईल, कोणी पूछशे पण नाही." आईनं ते भीतभीत दादांच्या कानावर घातलं. दादा चिडले नाहीत, उलट शांतपणे बोलले, आणि त्यांचं शांत बोलणं जास्त भारी पडे. "सकाळी मी ज्याला आत टाका म्हणून कोर्टात उभं राहायचं, संध्याकाळी त्याच्याच हातून घ्यायची? अक्का, माझ्याकडे फिर्याद घेऊन ज्या बायका ओट्यावर येऊन बसतात त्यांना तू पाणी देतेस ना? त्यांच्या पाठीवरचे वळ तूच आम्हाला सांगितलेस. हा कायदा मला त्या बायकांमुळे पटतो." नवऱ्याच्या दारूपायी घर धुऊन निघालेल्या त्या बायका आत्यानंच आत बसवलेल्या होत्या, त्यांच्या पोरांच्या हातावर तिनंच लाडू ठेवले होते. "ते खरं," ती म्हणाली, "पण भैरोबानं कुणाला मारलंय?" आणि देवघराचं दार लोटून घेतलं.

वाट दाखवली ती सॅम्युएलमास्तरांनी. ते आमच्या शेजारचे, शाळेत गणित शिकवत आणि रविवारी त्यांच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत. आत्याला कुणीतरी सांगितलं होतं की ख्रिस्ती लोकांना देवासाठी वाईन लागते आणि सरकार ती देतं. ती तडक त्यांच्याकडे गेली, मला सोबत घेऊन. मास्तर पोटभर हसले. "बेन, अमे तो काळी द्राक्ष पलाळीए छीए! मनुका रात्रभर भिजवायच्या, पाणी गाळायचं, झालं. अमारे तो एज वाईन, आमची वाईन तीच." मग हसणं थांबवून ते म्हणाले, की काही चर्चमध्ये मात्र खरी वाईन लागते आणि त्यांना परवाना असतो. कायद्यात पूजाविधीसाठी तशी सोय आहे, वकीलसाहेबांना विचारा. निघताना त्यांनी भिजवलेल्या मनुकांचं पाणी एका कपात आत्याला देऊ केलं. आमच्या प्रभूला चालतं, तुमच्या देवाला विचारून बघा, म्हणाले.

आणि आत्यानं खरंच विचारलं. आमच्यात कौल लावायची रीत आहे. देवाच्या चांदीच्या टाकाच्या दोन्ही अंगांना पाण्यानं फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. आत्यानं मनुकांचं पाणी पुढे ठेवलं आणि विचारलं, "हे चालेल का?" सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली, पाकळ्या जागच्या हलेनात. आत्याच्या बोटांना लागलेल्या मनुकांच्या गोड पाण्यानं त्या घट्ट डकल्या होत्या, हे आईनं दुसऱ्या दिवशी टाक घासताना मला हळूच दाखवलं. दादा कोर्टातून आले, देवघरात डोकावले आणि म्हणाले, "तारीख पडली वाटतं." आत्या त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पण मास्तरांच्या बोलण्यानं दादांच्या डोक्यात किडा सोडला होता. कायद्यात एका धर्माच्या विधीला सोय असेल तर दुसऱ्याच्या का नसावी? रात्रीचं जेवण झालं की ते पुस्तकं काढून बसू लागले. त्यांना भैरोबापेक्षा त्या मुद्द्याची गोडी जास्त लागली होती, असं आई म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी आत्याच्या नावानं अर्ज केला आणि संबंधित कचेरीतून बोलावणं आलं. मग सुरू झाली आत्याची तयारी. झोपाळ्यावर दादा साहेब होऊन बसत आणि समोर पाटावर आत्या.

"वाटी चुकली तर काय होईल?" दादा विचारत.

"काय होणार? अष्टमी आहे तशी होईल."

"अक्का! असं नाही म्हणायचं. कुळाचार मोडेल, देवाचा कोप होईल, असं सांगायचं. ही गोष्ट आपल्या धर्माला अत्यावश्यक आहे असं त्यांना दिसलं पाहिजे. तिच्यावाचून चालतं म्हणालीस की संपलं."

"बरं. कोप होईल," आत्या म्हणे, आणि तेही एखाद्या पोरीनं पाठ न झालेली कविता म्हणावी तसं.

कचेरीत मी गेले ती आत्याचा आधार म्हणून. तिला जिना चढताना धाप लागे. साहेब गुजराथी, खादीचे कपडे, कपाळावर टिळा, वयानं दादांच्या बरोबरीचे. "बेसो, बेसो, बेन," म्हणून त्यांनी आत्यासाठी खुर्ची मागवली, पाणी दिलं. दादांचं म्हणणं त्यांनी मनापासून ऐकलं, मधेमधे टिपून घेतलं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, खरं सांगू? आमच्या घरी ठाकोरजींना कांदासुद्धा चालत नाही. देवापुढे दारू ही गोष्टच माझ्या गळ्याखाली उतरत नाही. पण मला काय पटतं याचा इथं प्रश्न नाही. तुमच्या धर्मात ती लागते का, एवढाच प्रश्न आहे." असं म्हणून त्यांनी खुर्ची आत्याकडे वळवली आणि अगदी हळू विचारलं, "बेन, ना मळे तो शुं थाय?"

नाही मिळाली तर काय होईल? हाच तो प्रश्न, झोपाळ्यावर घोटलेला. दादा पुढे झुकले. मी आत्याचा हात धरला होता. तिनं त्या माणसाच्या टिळ्याकडे पाहिलं.

"कंई ना थाय, भाई," ती म्हणाली.

दादांनी डोळे मिटून घेतले. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिचं गुजराथी बाजारापुरतंच होतं, पण त्या दिवशी ते पुरलं. "देवने कंई ना थाय. मने थाय." देवाला काही होणार नाही, मला होईल. मग मराठीतच म्हणाली, "भैरोबा काय वसुलीला येतो का? तो जेवेल आणि गप्प बसेल. पण माझ्या वडिलांनी एक गोष्ट माझ्या हातात दिली होती साहेब. दुसरं काहीच दिलं नव्हतं. ती माझ्या हातून सुटेल. मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "साचुं बोल्यां, बेन," ते म्हणाले. "खोटं बोलला असतात तर मला वर विचारायला तरी जागा होती. कायदो धर्मनुं पूछे छे. तमारुं दुःख लखवानी जग्या एमां नथी." तुमचं दुःख लिहायला त्यात जागा नाही, असं ते म्हणाले आणि उठून हात जोडून उभे राहिले. आत्याला जिन्यापर्यंत पोचवायला ते स्वतः आले होते. आम्ही हरलो होतो, पण त्या माणसाचा राग मला कधीच आला नाही.

हल्ली वर्तमानपत्रात वाचते, अमक्या धर्माची तमकी प्रथा आवश्यक आहे की नाही यावर मोठमोठे वकील दिवसच्या दिवस बोलतात. नातू टीव्हीवर असले वाद लावतो आणि सगळे एकदम ओरडतात. मला दर वेळी ती खुर्ची आणि तीवर पदर सावरून बसलेली आत्या दिसते. कायदा बरोबर होता, कारण ओट्यावरच्या बायका मी पाहिल्या होत्या. आणि आत्याही बरोबर होती. दोघंही बरोबर असतील तर निकाल कुणाच्या बाजूनं द्यायचा, हे एवढी पुस्तकं पालथी घालून दादांना सापडलं नाही, तिथं माझी काय कथा.

परतताना दादांचा पारा चढला होता. खंडेराव मार्केटपाशी आत्यानं त्यांना थांबवलं, तिला अष्टमीसाठी नारळ घ्यायचे होते. नारळवाल्यासमोरच दादा फुटले. "एक वाक्य, अक्का! एक वाक्य बोलायचं होतं तुला."

आत्या नारळ कानाशी हलवून बघत होती. "देवासाठी मागायला जायचं आणि देवाच्याच नावानं खोटं बोलायचं? ते तुझ्या कोर्टात चालत असेल बाबा." तिनं तो नारळ पिशवीत टाकला.

"अहमदाबादला हायकोर्टात जाऊ. मुद्दा मोठा आहे."

"नको. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि मी तर भैरोबाला चढवायला निघाले होते. पुरे झालं." मग पिशवीकडे बघत म्हणाली, "पण बंडू, आता मी वाटीत काय घालू रे?" भर बाजारात, भाजीच्या ढिगाऱ्यांमध्ये, माझी आत्या रडली. मी तिला कधीही रडताना पाहिलं नव्हतं. दादांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

अष्टमीला आई पहाटेच उठून वाटणाला लागली. वडे तळल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सॅम्युएलमास्तरांच्या घरून वाटीभर काळ्या मनुका आल्या, त्या आत्यानं खिरीत टाकल्या. चांदीच्या वाटीचं काय होणार याचीच सगळ्यांना धास्ती होती. पाणी घालेल, मध घालेल, की वाटी काढूनच ठेवेल? आत्यानं ती नेहमीपेक्षा जास्त वेळ घासली, पुसली, आणि ताटाच्या उजव्या हाताला ठेवली. रिकामी.

मग ती देवाशी बोलली, आम्हाला ऐकू येईल अशी. "भैरोबा, यंदा वाटी रिकामी आहे. चोरून आणायला बंडू तयार नाही, आणि मीही नाही. मागून आणायला गेले तर मला नीट मागता आलं नाही. दुसरं काही घालून तुला फसवायचं माझ्या मनात येत नाही. वाटी मात्र चुकवली नाही. आता तुझं तू बघ."

आरती झाली. दारात उभे असलेले दादा त्या दिवशी आत आले, कोट काढून खुंटीला लावला आणि तिच्या शेजारी पाटावर बसले. आजोबा गेल्यापासून ते देवासमोर कधी बसले नव्हते. आत्यानं सवयीनं वाटी उचलली आणि मग हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघत थबकली. तेव्हा दादांनीच आपली अनामिका त्या वाटीच्या तळाला टेकवली आणि जिभेला लावली, डोळे मिटून, जणू चटका बसला असावा. त्यांच्यामागून आई, मग मी, मग धाकटी बहीण. चांदी गार लागली. आत्या परसात जाऊन चाफ्याच्या मुळाशी ती वाटी पालथी करून आली. चाफा त्याही वर्षी फुलला, तेव्हा त्याचं श्रेय इतकी वर्षं कुणाला दिलं होतं यावर दादांना बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्यानंतर दर अष्टमीला वाटी रिकामीच मांडली गेली. आत्यामागून ती आईकडे आली आणि आईकडून माझ्याकडे. घर गेलं, चाफा गेला, झोपाळ्याच्या पितळी कड्या तेवढ्या माझ्या माळ्यावर आहेत. गेल्या अष्टमीला माझा धाकटा मुलगा कॅनडाहून आला होता. बाहेरून येणाऱ्यांना इथे परवाना मिळतो, रीतसर, सही-शिक्क्याचा. त्यानं आणलेली बाटली मोठ्या कौतुकानं माझ्यासमोर ठेवली. आत्याआजीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पोराच्या मनात ती जिंकावी असं असणार.

"आई, आता कायद्यानं आहे. एकच चमचा घाल. त्यांचं राहिलेलं पुरं होईल."

मी वाटी हातात घेतली. घासून घासून तिचा काठ आता पातळ झालाय. खरं सांगते, क्षणभर वाटलं, घालावी. मग इतक्या वर्षांची सगळी बोटं आठवली, त्या कोरड्या तळाला टेकलेली. पहिलं बोट दादांचं.

"घालून काय होणार आहे?" मी थबकलेली पाहून मुलगा म्हणाला. "भैरोबाला काही होतं का?"

"भैरोबाला काही होत नाही रे," मी म्हटलं. "मला होईल."

आणि रिकामी वाटी ताटाच्या उजव्या हाताला ठेवली.